कोरल चार्मचा तिसरा दिवस

कोल्ड रूमचं दार उघडलं तेव्हा आत खोकी होती, फुलं नव्हती.

खोक्यांची झाकणं उघडी पडली होती. कळ्या गुंडाळलेला कागद चुरगाळून कोपऱ्यात फेकलेला. वरच्या फळीवर श्रीखंडाचे डबे मात्र ओळीनं नीट लावलेले होते. माझ्याबरोबर सलीमभाई होते. मी दुकान टाकलं तेव्हापासून फुलांची सगळी मांडणी तेच करतात. त्यांनी एकेक खोकं उचलून आत डोकावून पाहिलं आणि परत खाली ठेवलं. 

लग्न दुसऱ्या दिवशी होतं. आम्ही कळ्या बाहेर काढून पाण्यात ठेवायला आलो होतो, म्हणजे सकाळपर्यंत त्या उमलल्या असत्या. मी शेळक्यांना हाक मारली. शेळके म्हणजे त्या मंगल कार्यालयाचे मॅनेजर. कोल्ड रूमची किल्ली त्यांच्या खिशात असते.

"शेळके, फुलं कुठंयत?"

"मांडवात असतील की, मॅडम. पार्टीनं काढली."

"कधी?"

"काल सकाळी. हळदीला."

मी मांडवाकडे पळत सुटले. पन्नाशी ओलांडलेली बाई पळायला लागली की लोक आपोआप वाट देतात. मलाही दिली.

आता जरा मागचं सांगते, नाहीतर मी एवढी का पळाले ते कळायचं नाही. माझं नगरला सावेडीत फुलांचं दुकान आहे. बुके, ऑफिसच्या रिसेप्शनवरची फुलं, वाढदिवस, साखरपुडे. मी शेतकी पदवीधर. वडील शाळामास्तर होते आणि मी बँकेत चिकटावं अशी त्यांची फार इच्छा होती. मी फुलांचं दुकान टाकलं तेव्हा एका मावशीनं मला तोंडावर "फुलवाली" म्हटलं होतं. मी म्हटलं, हो, फुलवालीच आहे. तो शब्द मला लागला नाही, पण मावशीचा सूर लागला, आणि अजून आठवतो.

लग्नांचं मोठं काम मात्र मला मिळत नव्हतं. मोठ्या कार्यालयांत 'पॅनल' असतं. म्हणजे कार्यालयानं ठरवलेले डेकोरेटर. बाहेरच्या कुणालाही स्टेज करू देत नाहीत. मनमाड रोडवरच्या या कार्यालयात पॅनलची एक जागा रिकामी झाली होती. मी शेळक्यांच्या मागेच लागले होते. शेवटी ते म्हणाले, "मॅडम, एक मोठं लग्न तुम्हाला देतो. पार्टी खूश झाली तर पॅनल तुमचं." ते मोठं लग्न हेच. त्या भरवशावर मी दुकानामागचा गाळाही भाड्यानं घेऊन टाकला होता.

पार्टी जामखेडची. नानासाहेब, ट्रॅक्टरची एजन्सी, माणूस मोकळा आणि आवाज मोठा. त्यांची मुलगी ऋतुजा पुण्यात इंटिरियर डिझायनर. ती पहिल्याच मीटिंगला मोबाईलवर फोटो घेऊन आली.

"मॅडम, मला पिओनी हव्यात. ह्याच. कोरल चार्म."

मला बरं वाटलं. नगरमध्ये पिओनीची व्हरायटी नावानं मागणारं गिऱ्हाईक मला तोवर भेटलं नव्हतं. लोक साधारणपणे "ते मोठ्ठं गुलाबासारखं" असं म्हणतात.

पिओनी गुलाब नाही. तिचं झुडूप थंड देशात होतं. कित्येक आठवडे कडाक्याची थंडी खाल्ल्याशिवाय ते कळीच धरत नाही, म्हणून आपल्याकडे नगरला ते लावण्यात अर्थ नाही. फुलं बाहेरून विमानानं मुंबईत येतात. मे-जूनमध्ये युरोपातली आणि आपल्या लग्नसराईत, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरात, पृथ्वीच्या खालच्या अर्ध्यातली, कारण तिकडे तेव्हा वसंत असतो. येतात ती कळ्या म्हणून. घट्ट, गोल. कळी बोटांनी हलकेच दाबून बघायची. गोटीसारखी लागली तर ती उमलणारच नाही. पिकत आलेल्या चिकूसारखी लागली तर तयार. अशा तयार कळ्या कागदात गुंडाळून कोरड्याच कोल्ड रूममध्ये ठेवल्या की त्या झोपून राहतात. पाण्यात घातल्या की दुसऱ्या दिवशी वाडग्याएवढं फूल.

व्हरायट्या पुष्कळ. रेड चार्म गडद लाल, तिचा रंग टिकतो. बोल ऑफ क्रीम पांढरी, दांड्याला मजबूत. कोरल चार्म मात्र लहरी. पहिल्या दिवशी ती पोवळ्याच्या रंगाची असते. मग पीच होते. तिसऱ्या दिवशी सायीच्या रंगाची होते, आणि उन्हात ठेवली तर त्याच्याही आधी. फूल शिळं होत नाही, सडत नाही, फक्त रंग सोडतं. हा तिचा स्वभावच आहे. परदेशात लोक त्यासाठीच ती विकत घेतात म्हणे, रोज नवा रंग बघायला. पण आपल्याकडे लग्न तिच्या पहिल्या दिवशी लागायला हवं.

हे सगळं मी ऋतुजाला आणि नानासाहेबांना समोर बसवून सांगितलं. रेड चार्म घ्या असंही सुचवलं.

"नाही मॅडम, माझी पैठणी ह्याच शेडची आहे," ऋतुजा म्हणाली. "मी रंग मॅच करून विणून घेतलीये."

"मग एक लक्षात ठेवा. लग्नाच्या आदल्या दुपारपर्यंत कळ्यांना कुणी हात लावायचा नाही."

"कोन लावतंय?" नानासाहेब हसले. "आमी काय ल्हान पोरं हाय व्हय, मॅडम?"

विमान आठवड्यातून ठरावीक दिवशीच येतं, त्यामुळे माल हळदीच्या आदल्या दिवशीच नगरला पोचला. कार्यालयात तीन दिवसांचा बेत होता. पहिल्या दिवशी हळद, दुसऱ्या दिवशी संगीत, तिसऱ्या दिवशी लग्न. हळदीचा मांडव दुसऱ्याच माणसाकडे होता, झेंडूचा. माझं फक्त लग्नाचं स्टेज. मी एकेक कळी दाबून पाहिली, खोकी लावली, शेळक्यांनाही तेच बजावलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे जिप्सी आणि हिरव्या पानांसाठी पुण्याच्या फूल मार्केटला गेले. जिप्सी म्हणजे ती पांढऱ्या बारीक ठिपक्यांची फुलं, बुकेत मोकळी जागा भरायला लागतात.

आता परत मांडवात.

माझ्या पिओनी पितळी हंड्यांत ठेवल्या होत्या. हंडे ओळीनं, थेट उन्हात. फुलं वाडग्याएवढी उमलली होती. पोवळ्याचा रंग कडेला थोडा उरला होता, आत पीच, आणि काहींच्या मधल्या पाकळ्या पार फिकट. कित्येकांवर हळदीची बोटं उमटली होती. मी हंड्यात हात घातला. पाणी अजून कोमट होतं.

"गरम पाणी कुणी घातलं?"

नानासाहेब खुर्चीवर बसून मोबाईलवर बोलत होते. त्यांनी फोन बाजूला धरला.

"मॅडम, ऐका की. काल आक्का उष्टी हळद घिऊन आल्या."

आक्का म्हणजे नवऱ्या मुलाची आई. पुणतांब्याचं मोठं बागायतदार घर. मुलाच्या अंगाला लागून उरलेली हळद मुलीला लावायची, तिला उष्टी हळद म्हणतात. ती घेऊन वरपक्ष वाजतगाजत येतो आणि त्या घटकेला मुलीकडचा माणूस वरमाईपुढे मान वर करत नाही.

"त्यांनी मांडव बघितला, आन म्हनल्या, नुसता झेंडू? पोरगी तर सांगत हुती परदेशी फुलं आनल्यात. कुठं हायेत? मग मी काय म्हनू? कोल्ड रूममदी कुलपात हायेत? तुमच्यासाठी न्हाई, उद्याच्या पाव्हन्यांसाठी हायेत?"

"म्हणून काढलीत?"

"काढली. तर नुसत्या कळ्या! आक्का म्हनल्या, कळ्यांनी काय शोभा येती? न्हानाचं पानी तापलेलं हुतंच बंबात. आक्कांनीच ते वतलं सगळ्या हंड्यांत. तासाभरात अशी फुलली मॅडम, लई भारी! सगळ्या बाया फोटू काढीत हुत्या. आक्का तर इतक्या खूश झाल्या…"

"आणि आजही तसंच ओतलंत?"

"कोमेजाय नको म्हनून."

मला खरं तर ओरडायचं होतं. पण त्या माणसाचा चेहरा इतका निर्मळ होता की मी फक्त खाली बसले. गरम पाण्यानं कळी लवकर उमलते ही गोष्ट खरी आहे. घाई असली तर आम्हीही कोमट पाणी वापरतो. आक्कांनी चुलीवरच्या अनुभवावरून बरोबर तेच केलं होतं, फक्त दोन दिवस आधी केलं होतं.

सलीमभाईंनी हंडे आत घ्यायला सुरुवात केली. दांडे पुन्हा तिरके कापले, गार पाण्यात ठेवले, कोल्ड रूम थंडात थंड केली. त्यानं फूल टिकतं. गेलेला रंग परत येत नाही. मी मुंबईच्या इम्पोर्टरला फोन लावला. कोरल चार्म संपली होती. दुसरी कुठलीच पिओनी सकाळपर्यंत नगरला पोचणं शक्य नव्हतं. मग मी पुण्याला फोन केला. पोवळ्याच्या रंगाचा गुलाब मार्केटमध्ये होता, उत्तम होता, संध्याकाळी गाडी टाकली असती तर रात्रीपर्यंत आला असता. पिओनी हाराला आणि टेबलांवर वापरायच्या, स्टेजवर गुलाब. पैठणीशी रंग जुळला असता. मला हायसं वाटलं. मी धावत नानासाहेबांना सांगायला गेले.

त्यांनी ऐकून घेतलं. मग मला बाजूला, जिन्याखाली नेलं.

"गुलाब नको, मॅडम."

"का?"

"आक्का इचारनार, ती फुलं कुठं गेली? मग सांगावं लागंल की, तुमी काढाय लावली म्हनून रंग गेला. इहिनीला तोंडावर असं सांगू मी? लग्नाच्या आदल्या दिवशी? न्हाई. हायेत तीच लावा."

"पण उद्या ती पांढरट दिसतील. पैठणीला अजिबात शोभणार नाहीत."

"दिसू द्या. कुनाला कळतंय?"

शेळके शेजारीच उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "पार्टी म्हणेल तसं करा, मॅडम."

संध्याकाळी संगीताच्या आधी ऋतुजानं मला तिच्या खोलीत बोलावलं. केसांना क्लिपा लावलेल्या, एका हातावर मेंदीचं प्लास्टिक. तिला सगळं कळलं होतं. डिझायनर असल्यामुळे रंगाचं काय होणार हे तिला वडिलांपेक्षा जास्त कळत होतं. ती थोडी रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "मॅडम, उद्या कुणी काही बोललं तर आक्कांचं नाव घेऊ नका, प्लीज. मला त्या घरात राहायचंय."

"पण मग बोल मला लागेल, ऋतुजा. माझं पॅनल आहे ह्या लग्नावर."

"मला माहितीये. बाबा सांभाळून घेतील. मी सांगते त्यांना."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? समोर मुलगी बसली होती, तिचं उद्या लग्न होतं, आणि ती मागत होती ते फक्त माझं गप्प बसणं. वाटलं, एवढं तर करता येईल.

सकाळी आम्ही स्टेज केलं. आता माझ्या कामाबद्दल मीच सांगते, कारण दुसरं कुणी सांगणार नाही. ते स्टेज चांगलं झालं होतं. सायीच्या रंगाची फुलं, आत पिवळं केसर, भोवती जिप्सी आणि निलगिरीची राखाडी पानं. हळदीचे डाग पडलेली फुलं सलीमभाईंनी मागे वळवून बसवली. पैठणीचा रंग वेगळा होता म्हणून मी मागचा पडदा बदलून घेतला. पांढरी पिओनी मागितली असती तर लोकांनी वाहवा केली असती. पण आक्कांनी दोन दिवसांपूर्वी हंड्यात पोवळी पाहिली होती.

त्या वऱ्हाडासह आत आल्या, स्टेजसमोर थांबल्या आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"ही कुठली फुलं? परवाची ती कुठं गेली?"

"हीच ती, आक्का," कुणीतरी म्हणालं.

"ही? ही तर उतरलेली हायेत. रंग बघा की! नव्या नवरीला शिळी फुलं? कोन हाय ती फुलंवाली बाई?"

मी पुढे झाले. हातात कात्री होती, ती खाली ठेवली. भोवती पुणतांब्याचे पाहुणे, जामखेडचे पाहुणे, मागे शेळके. आक्का माझ्याकडे बघत होत्या. त्या बाईच्या मनात खोट नव्हती, हे मला आजही वाटतं. आपण घातलेल्या पाण्याचा आणि या रंगाचा काही संबंध आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. एक वाक्य पुरलं असतं. ते माझ्या जिभेवर होतं. मी ऋतुजाकडे पाहिलं. ती दारात, मामांच्या शेजारी, मुंडावळ्या बांधून उभी होती आणि जमिनीकडे बघत होती.

मी गप्प राहिले. माझी कल्पना होती की नानासाहेबही गप्प राहतील. फार तर "जाऊ द्या, आक्का" म्हणतील आणि विषय संपेल.

नानासाहेब पुढे आले.

"आक्का, तुमी जिवाला लावून घेऊ नका. मी बघतो." मग माझ्याकडे वळून, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पाठक मॅडम, असा माल देत्यात व्हय? आमी एवढा इश्वास टाकला, आन तुमी शिळी फुलं लावली? ही काय रीत झाली?"

त्यांनी माझ्या डोळ्याला डोळा दिला नाही. माझ्या खांद्यापलीकडे कुठेतरी बघत होते. शेळक्यांनी खिशातून मोबाईल काढला आणि त्यात फार महत्त्वाचं काही आल्यासारखं वाचायला लागले. किल्ली त्याच खिशात होती.

आयुष्यात मला पुष्कळदा राग आला आहे, मी शांत बाई नाही. पण तेव्हा जे झालं तो राग नव्हता.  खोटं बोलणारा माणूस मी पाहिला होता. माझ्याच गप्प बसण्यावर उभा राहून मला खोटं ठरवणारा पहिल्यांदा पाहिला. आणि गंमत अशी की तेही मुलीसाठीच करत होते. मी जिच्यासाठी गप्प, तिच्यासाठीच ते मोठ्यानं.

"चला मॅडम," सलीमभाई माझ्या कानाशी म्हणाले. "मंगलाष्टकं सुरू होतील. चहा घेऊ."

आम्ही मागच्या दारानं स्वयंपाकघरात गेलो. आचाऱ्यानं चहा दिला. अक्षता पडल्याचा आवाज आला, बँड वाजला. सलीमभाई म्हणाले, "तुम्ही बोलला का नाही?" मी म्हटलं, "शब्द दिला होता." त्यांना ते पटलं नव्हतं. अजून पटलेलं नाही. या गोष्टीवरून ते आजही माझ्याशी वाद घालतात.

पुढच्या आठवड्यात शेळक्यांचा फोन आला.

"मॅडम, मला सगळं माहितीये हो. किल्ली मीच दिली होती. पण मालकांपर्यंत गेलंय की पार्टी नाराज झाली. पुणतांब्याच्या लोकांनी चार ठिकाणी सांगितलंय. आता पॅनलचं कसं…"

"मालकांना सांगा ना, किल्ली तुम्ही दिली होती."

"तसं कसं सांगणार, मॅडम? माझी नोकरी आहे."

सगळ्यांचंच काही ना काही होतं. आक्कांचा मान होता, ऋतुजाचं सासर होतं, नानासाहेबांची विहीण होती, शेळक्यांची नोकरी होती. माझं पॅनल होतं, आणि त्या रांगेत ते शेवटी उभं होतं. जागा दुसऱ्या एका डेकोरेटरला मिळाली. मी मागचा गाळा सोडला.

जामखेडहून एक दिवस टेम्पोतून ज्वारीचं पोतं आलं. ड्रायव्हर म्हणाला, "नानासाहेबांनी दिलंय." निरोप काय दिलाय विचारलं तर म्हणाला, "न्हाई, नुस्तं द्या म्हनले." चांगली ज्वारी होती. मी ती सलीमभाईंकडे पाठवून दिली. मला तिची भाकरी खाववली नसती.

काही महिन्यांनी ऋतुजाचा मेसेज आला. लग्नाच्या अल्बमचे फोटो होते. खाली लिहिलं होतं, "मॅडम, फुलं किती सुंदर आलीयेत! थँक यू फॉर एव्हरीथिंग." मी फोटो मोठा करून पाहिला. स्टेजवरची एकूण एक पिओनी पोवळ्याच्या रंगाची होती, पैठणीशी तंतोतंत जुळणारी. फोटोग्राफरनं कॉम्प्युटरवर रंग भरला होता. सलीमभाईंनी मागे वळवलेल्या फुलांच्या कडांवर दिसणारी हळदसुद्धा त्यानं पुसली होती. मी सलीमभाईंना फोटो दाखवला. ते म्हणाले, "ह्याला द्यायला पाहिजे होतं पॅनल."

यावरून मी काय शिकले असं दुकानात येणाऱ्या मुली कधीकधी विचारतात. फार काही नाही. हल्ली पहिल्या मीटिंगला मी व्हरायटी, रंग, सीझन हे सगळं नंतर सांगते. आधी विचारते, तुमची विहीण कुठे उतरणार आहे, आणि तिच्या खोलीपासून फुलं किती लांब ठेवता येतील. लोकांना वाटतं मी चेष्टा करते.

परवा त्या पॅनलवरच्या डेकोरेटरचा फोन आला. तरुण आहे, बोलायला नम्र. म्हणाला, "मॅडम, एक मदत हवी होती. पुणतांब्याच्या आक्का आहेत, त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न घेतलंय. त्यांनी सुनेचा अल्बम आणून दाखवला. म्हणाल्या, अशीच फुलं पाहिजेत, ह्याच रंगाची. अशी ताजी. मागं एका बाईनं शिळी लावली होती तशी नकोत."

मी विचारलं, "अल्बम कुठल्या लग्नाचा, ते बोलल्या का?"

"मुलाच्याच लग्नाचा."

  मी त्याला व्हरायटीचं नाव सांगितलं, कोरल चार्म, आणि मुंबईच्या इम्पोर्टरचा नंबर दिला. त्यानं मनापासून आभार मानले. कोल्ड रूमची किल्ली कुणाच्या खिशात असते ते त्यानं विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.